सांताक्लॉजची विजार

मी बँकेत कारकून आहे. हे वाक्य मुद्दाम अगदी आरंभीच लिहून टाकतो. कारण पुढे मी अमेरिकेच्या कस्टम्स खात्याला आणि तिथल्या न्यायमूर्तींना चार शब्द सुनावणार आहे, आणि ते सुनावणारा हा कोण टिकोजीराव, असा प्रश्न वाचकांना पडण्याआधीच त्याचं उत्तर दिलेलं बरं. बी.कॉम., सेकंड क्लास, वीस वर्षं नोकरी, चार बदल्या आणि एक गृहकर्ज. मध्यंतरी आम्हा कारकुनांना एक भारदस्त इंग्रजी नाव देण्यात आलं. मी त्या दिवशी घरी पेढे नेले. महिनाअखेर पगाराची स्लिप पाहिली, तर पेढ्यांचे पैसे सोडल्यास सगळं पूर्वीइतकंच होतं. नाव बदललं म्हणून दर बदलत नाही, हा माझा तेव्हापासूनचा सिद्धांत.

तो सिद्धांत गेल्या डिसेंबरात कोसळला. आणि तो पाडला कुणी? तर सांताक्लॉजच्या विजारीने.

झालं असं, की माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्या पोरांच्या शाळेत नाताळाला सांताक्लॉज व्हायची पाळी यंदा त्याच्यावर आली. देहयष्टी आमच्या घराण्याची, त्यामुळे पोटाला उशी बांधायचा खर्च वाचला. पण कपडे विकत घ्यावे लागले. दुकानात दोन प्रकारचे होते. एक स्वस्त, मच्छरदाणीच्या कापडाचा वाटेल असा. दुसरा चांगला, अस्तर लावलेला, चेन असलेला, पण महाग. किती महाग हे सांगताना त्याने डॉलरचे रुपये करून सांगितले, ही त्याची चूक झाली. मला दोन मिनिटं बोलवेना. मग तो म्हणाला, "मामा, तू बँकेत इम्पोर्टच्या टेबलावर असतोस ना? हे दोन्ही कपडे बाहेरूनच आलेत. मग दोघांत एवढा फरक का?"

माझ्या टेबलावर आयातीची बिलं येतात हे खरं. त्यांवर मालाचा कोड असतो, तो बरोबर आहे का ते बघून मी शिक्का मारतो हेही खरं. पण कोडच्या आत काय चालतं, हे मी वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. शिक्का मारणाऱ्याने आत बघायचं नसतं. पण भाच्यासमोर अब्रूचा प्रश्न होता. "बघून सांगतो," म्हटलं आणि त्या रात्रीपासून अमेरिकन दरपत्रक आणि तिथल्या कोर्टांचे निकाल वाचत बसलो. बायको दोन रात्री गप्प होती. तिसऱ्या रात्री म्हणाली, "अहो, एवढा अभ्यास सीएआयआयबीच्या परीक्षेला केला असतात, तर आज ऑफिसर झाला असतात."

असो. तर मूळ मुद्दा.

जगातल्या यच्चयावत वस्तूंना नंबर देणारी एक यादी आहे. तिला हार्मोनाइज्ड सिस्टीम म्हणतात. १९८८ च्या १ जानेवारीपासून ती लागू झाली, अमेरिकेने ती १९८९ पासून घेतली, आणि आपलं आयातीचं दरपत्रकही त्याच साच्यातलं आहे. एकंदर ९७ प्रकरणं. त्यातलं ७७ वं रिकामं ठेवलंय, पुढेमागे लागलं तर असावं म्हणून. (आमच्या ब्रँचमध्येही असं एक कपाट आहे.) जिवंत जनावरांपासून सुरुवात होते आणि शेवट कलाकृती व पुराणवस्तूंवर होतो. म्हणजे गाईपासून गतकाळापर्यंत सगळं आलं.

यात ६१ वं प्रकरण विणलेल्या होजिअरीच्या कपड्यांचं, ६२ वं साध्या कापडाच्या कपड्यांचं, आणि ९५ वं खेळणी, खेळ आणि सणासुदीच्या मालाचं. या ९५ मध्ये ९५०५ नावाचा एक मथळा आहे : सण, कार्निव्हल आणि करमणुकीच्या वस्तू. अमेरिकेत यात बसणाऱ्या वेषभूषेवर मूळ दराने आयातकर शून्य. आणि तोच वेष ६१-६२ मध्ये ढकलला, की तो झाला 'कपडा', आणि कर काही बाबतीत थेट ३२ टक्के. (२०२५ साली अमेरिकेने आयातीवर वरून आणखी कर चढवले, तो तमाशा निराळा. मी बोलतोय ते मूळ दरांविषयी.)

आता प्रश्न असा, की वाघाचा, भुताचा किंवा चेटकिणीचा वेष हा कपडा की सणाचा माल? तुमच्या-माझ्यासारखा माणूस म्हणेल, यात प्रश्न कसला? चेटकिणीचा झगा घालून कुणी भाजी आणायला जात नाही. तो सणाचा माल. पण ९५ व्या प्रकरणाच्या आरंभी एक टीप आहे. टीप म्हटली की समजावं, इथे काहीतरी पुरलेलं आहे. कापडाचा 'फॅन्सी ड्रेस' हा या प्रकरणात धरायचा नाही, तो ६१-६२ मध्ये जाईल, असं ती टीप म्हणते. म्हणजे दारावर पाटी 'सणाचं स्वागत असो' आणि खाली बारीक अक्षरात 'सणाचे कपडे घालून आत येऊ नये.'

या टिपेने अमेरिकेत पंचवीस वर्षं वकिलांना पोसलं.

पहिला खटला रुबीज कॉस्च्यूम कंपनीचा. ही तिथली वेषभूषेतली मोठी कंपनी, स्वतः माल तयार करणारी. १९९० च्या दशकात तिने कस्टम्सकडे तक्रार केली, की परदेशातून येणारे हे वेष तुम्ही सणाचा माल म्हणून फुकट आत सोडता, ते चूक आहे. ते कपडे आहेत, त्यांच्यावर कर लावा. वादात चार नमुने होते. त्यांत एक छोटा चाचा होता, एक गोंडस विदूषक होता, एक चेटकीण होती आणि एक अरबस्तानचा शेख होता. खालच्या कोर्टाने २००२ मध्ये कंपनीचं म्हणणं मान्य केलं. २००३ मध्ये वरच्या कोर्टाने ते फिरवलं आणि कस्टम्सच्या बाजूने कौल दिला. निकालाचं सार असं, की हे वेष तकलादू आहेत, टिकाऊ नाहीत, माणूस नेहमी घालतो तसले कपडे हे नव्हेत. म्हणून हा सणाचा माल. कर माफ.

इथपर्यंत मीही मान डोलावली. गोंडस विदूषकाचा कर माफ झाला याचं मला कारकून म्हणून आणि व्यक्ती म्हणूनही समाधान वाटलं. पण मग त्या 'तकलादू' शब्दापाशी अडखळलो. तकलादू म्हणून माफ? म्हणजे टिकाऊ असता तर?

तर कर. अगदी तसंच आहे. कस्टम्सने व्यापाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. वेष हातात घेतला की काय बघायचं, याच्या त्यात चार कसोट्या : बेतणी, शिवण, शेवटचा हात आणि सजावट. कपड्याला चुण्या घालून अंगाबरोबर बसवलाय? मग तो चांगला शिवलाय. चेन लावलीय? चांगला. कडा दुमडून नीट शिवल्यात? चांगला. आणि चांगला म्हणजे कपडा, आणि कपडा म्हणजे कर. उलट चेनऐवजी चिकटपट्टीचा तुकडा आहे, कडा कापून तशाच सोडल्यात, गळ्याला पट्टी नाही, दोरे लोंबताहेत? शाब्बास! हा सणाचा माल, जाऊ द्या आत फुकट.

मला जरा वेळ आपण उलटं वाचतोय असं वाटलं. चष्मा पुसून परत वाचलं. बरोबरच वाचत होतो. जगात शिवणकामाची परीक्षा अनेक ठिकाणी होते. नापास होणाऱ्याला बक्षीस देणारी परीक्षा मी ही पहिलीच पाहिली.

आणि मग आला सांताक्लॉज. आता पात्रं तीच, पण भूमिका उलट. तीच रुबीज कंपनी. मधल्या काळात ती स्वतःच बाहेरून माल आणू लागलेली. (भाडेकरू होता तोवर भाडेनियंत्रणाचा पुरस्कर्ता असलेला आमचा एक शेजारी घरमालक झाल्यावर जसा बदलला, तसंच.) तिने सांताचा एक नऊ नगांचा संच आणला, आणि पूर्वी 'हे कपडे आहेत हो, कर लावा हो' म्हणून गळा काढणारी कंपनी आता 'हा सणाचा माल आहे हो, सोडा हो' म्हणू लागली. पण कस्टम्सने संच उघडला आणि त्यांना आत काय दिसलं? अस्तर! चेन! नीटस शिवण! रंगे हाथ पकडले गेले बिचारे. २०१७ मध्ये खालच्या कोर्टाने आणि २०१९ मध्ये वरच्या कोर्टाने शिक्कामोर्तब केलं : हा संच चांगला शिवलेला आहे, टिकाऊ आहे, सबब हा कपडा.

निकाल वाचण्यासारखा आहे. सांताचं लाल जाकीट स्वेटर-पुलोव्हरांच्या पंगतीत बसवलं : ३२ टक्के. विजार : २८.२ टक्के. पांढरे हातमोजे : १८.६ टक्के. आणि खेळण्यांचं पोतं? ते प्रवासी बॅगांच्या सदरात घातलं, १७.६ टक्के. या शेवटच्या कलमाबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. सांताक्लॉज प्रवास करतो, हे मान्यच करायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं बँकेत जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. आमच्या साहेबांनी डबा उघडता उघडता अमेरिकन सरकारची बाजू घेतली. साहेबांना कुठलंही सरकार चालतं. ते म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे? रेघ कुठेतरी मारावीच लागते. सणाचा म्हटला की सगळंच माफ, असं केलं तर उद्या लोक नाइट ड्रेसवर भोपळ्याचं चित्र छापतील आणि सणाचा माल म्हणून गाठोडीच्या गाठोडी आणतील. तिथल्या गिरण्यांनी आणि शिंप्यांनी काय करायचं? चांगला शिवलेला कपडा माणूस एरवीही घालू शकतो, फाटका घालणार नाही. साधी, तर्काला धरून केलेली गोष्ट आहे."

मुद्दा बिनतोड होता, हे मी कबूल करतो. बटाट्याच्या भाजीचे तीन घास होईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. मग सुचलं. साहेबांसमोर निम्मं बोललो; उरलेलं इथे लिहितो.

पहिली गोष्ट. चांगला शिवलेला वेष माणूस एरवीही घालतो म्हणे. मी सांताक्लॉजची ती विजार घालून सोमवारी सकाळी बँकेत आलो, अशी कल्पना करा. लाल प्लश, पायाला पांढरी झालर. शिवण उत्तम, अस्तर उत्तम, अमेरिकेच्या दोन कोर्टांची 'कपडा' म्हणून मोहोर. दारावरचा रखवालदार मला आत सोडील? पेन्शन घ्यायला आलेले आजोबा माझ्याकडे पासबुक देतील? शिवण कितीही पक्की असली तरी सांताची विजार ही सांताचीच राहते. कपडा कशासाठी आहे हे बघायचं सोडून तो कसा शिवलाय हे बघणं म्हणजे चेकवरची सही न बघता अक्षर किती वळणदार आहे ते बघून पैसे देण्यासारखं आहे. तसं केलं तर मला घरी बसवतील.

दुसरी गोष्ट. भोपळ्याच्या चित्राची चोरवाट निघते ती का? एका दारावर शून्य आणि शेजारच्या दारावर ३२ अशी पाटी लावली, तर माणसं वेष बदलून पहिल्या दाराने जाणारच. दहा डॉलरच्या जाकिटामागे तीन डॉलर वीस सेंटांचा सवाल आहे, आणि असली जाकिटं पेट्या भरभरून येतात. कुंपण एवढं उंच बांधलं की शेजारी शिड्यांचं दुकान निघतंच. दोन दरांमधली दरी बुजवा. मग कुणी चित्र छापणार नाही, कुणी खटला भरणार नाही, आणि न्यायमूर्तींना सांताच्या विजारीचं अस्तर चाचपून बघावं लागणार नाही. दर एकच ठेवा : पाच ठेवा, सात ठेवा, पण एकच. हे कळायला न्यायमूर्ती व्हावं लागत नाही. बी.कॉम. सेकंड क्लास पुरतो.

तिसरी गोष्ट, जी साहेबांसमोर बोललो नाही, कारण साहेबांच्या अंगात काश्मिरी स्वेटर होता. तिथल्या गरीब कामगारांच्या रक्षणासाठी हे दर आहेत, असं म्हणतात. त्याच स्वेटरांच्या मथळ्याखाली दर काय आहेत बघा. कृत्रिम धाग्याचा, म्हणजे सामान्य माणूस घेतो तो : ३२ टक्के. सुती : १६.५ टक्के. आणि कॅशमिअरचा, म्हणजे ज्याची किंमत विचारायलाही धीर लागतो तो : ४ टक्के! म्हणजे पाकीट जितकं जाड तितका कर पातळ. सांताक्लॉजने पॉलिएस्टर घालायची चूक केली. कॅशमिअरचं जाकीट घालून आला असता तर कर आठ पटींनी कमी पडला असता.

या लोकांची ही खोड जुनीच आहे. १८९३ साली त्यांच्या सुप्रीम कोर्टाने टोमॅटो ही कराच्या दृष्टीने भाजी आहे, फळ नाही, असा निकाल दिला. कारण भाजीवर १० टक्के कर होता, फळावर नव्हता. वनस्पतिशास्त्र बिचारं फळ फळ म्हणत राहिलं. विदूषकांचा निकाल लागला त्याच २००३ साली दुसऱ्या एका कोर्टात एक्स-मेनच्या पुतळ्या आल्या. माणसाची आकृती असेल तर 'बाहुली', १२ टक्के; माणूस नसेल तर 'खेळणं', ६.८ टक्के. कोर्टाने पुतळ्या निरखल्या आणि ठरवलं, की ही माणसं नव्हेत. ज्या पात्रांची सगळी कथा 'आम्हीही माणसंच आहोत' हे पटवण्यात गेली, त्यांना पाच टक्क्यांसाठी माणसांतून उठवलं. आणि सांताला 'कपडा' ठरवला त्याच २०१७ साली बाह्या असलेलं एक पांघरूण कोर्टात आलं. त्याला दोन बाह्या, दोन्हींत हात घालता येतात. पण ते कपडा नव्हे, पांघरूणच, असा निकाल झाला. कर १४.९ ऐवजी ८.५. म्हणजे बाह्या असून पांघरूण कपडा होत नाही, आणि कुणी रस्त्यावर घालणार नाही ती सांताची विजार मात्र होते.

आपण हसायला मोकळे आहोत असंही नाही. आपल्याकडे खोबरेल तेल हे खायचं की डोक्याला लावायचं, हा करखात्याचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये मिटला : छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाद्यतेलच, जोवर ती बाटली स्वतःला केशतेल म्हणवत नाही. माझी आजी त्याच बाटलीतलं तेल आधी माझ्या डोक्यावर थापायची आणि उरलेलं कढईत घालायची. ती वारली तेव्हा तिच्यावर कुठलीही करथकबाकी निघाली नाही, हे नशीब. कपड्यांचं म्हणाल तर आपल्या जीएसटीत सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के अशी रेघ आहे. तीही दुखतेच. पण ती निदान किंमत बघते. कडा दुमडल्यात का, हे बघायला आत बोट घालत नाही.

आणि आता खरं कारण सांगतो. परदेशातल्या विजारीवरून एक कारकून एवढा का पेटला, असं तुम्हांला वाटलं असेल. बायकोलाही वाटलं होतं.

माझे वडील शिंपी होते. साताऱ्याला आमचं एका मशीनचं दुकान होतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आमच्या गल्लीच्या गणपतीत दरवर्षी पोरांचं नाटक असायचं आणि त्याचे कपडे अण्णांकडे यायचे. मी चौथीत असताना नाटकात मावळा झालो होतो. मंडळाचे कार्यकर्ते कापड घेऊन आले आणि म्हणाले, "अण्णा, एका रात्रीचं काम आहे. कच्चं शिवलंत तरी चालेल. लांबून कुणाला दिसतंय?"

अण्णांनी कापड घेतलं आणि नेहमीसारखं शिवलं. आतून तुरपाई, बाराबंदीला अस्तर, काखेत जोड, आणि प्रत्येक शिवणीला बोटभर माया. ज्यांनी शिवण केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, पुढे कपडा उसवून मोठा करता यावा म्हणून, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. याहून चांगला शब्द कुठल्याही दरपत्रकात मला सापडलेला नाही. आईने विचारलं, "एका रात्रीच्या कपड्याला एवढं कशाला?" अण्णा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "रात्र एक असली तरी आत पोरगं आहे ना?"

ती बाराबंदी माझ्यानंतर गल्लीतल्या नऊ पोरांनी घातली. दरवर्षी अण्णा ती उसवून थोडी माया काढायचे किंवा आत घ्यायचे. दहाव्या वर्षी मंडळाने नाटक बंद करून ऑर्केस्ट्रा आणला, म्हणून ती थांबली. फाटली म्हणून नव्हे. मजुरी मात्र अण्णांना कच्च्या शिवणीचीच मिळाली, कारण ठरली होती तीच. चांगल्या कामाचे जास्त पैसे बाजार देत नाही, हे अण्णांनी जन्मभर सोसलं. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि मीही करत नाही. बाजार तो बाजार.

पण सरकारने बाजाराच्या वरताण करावी? चांगलं शिवलं म्हणून वर ३२ टक्के लावावेत? साहेब म्हणतील, तो दंड नव्हे, तो दर आहे. ज्याला द्यावा लागतो त्याला दोन्हींतला फरक कळत नाही. ही रेघ दूरच्या एखाद्या कारखान्यातल्या शिंप्यापर्यंत कशी पोचत असेल, ते मला इथे बसून दिसतं. मालकाला शून्य आणि ३२ यांतला फरक कळतो. मग तो शिंप्याला काय सांगणार? अस्तर नको. चेन काढ, चिकटपट्टी लाव. कडा दुमडू नकोस. ज्याच्या हातात कसब आहे त्याला ते विसरायला सांगायचं, आणि ते विसरल्याबद्दल करमाफी घ्यायची. वेष एक रात्र घालायचा, सकाळी कचऱ्यात टाकायचा आणि पुढच्या ऑक्टोबरात नवा आणायचा. तो टाकाऊ असणं हाच त्याच्या सणाचा पुरावा. सण म्हणजे फेकून देण्याची गोष्ट, असं मानणाऱ्या माणसाने दरपत्रक लिहिलं की असं होतं. आमच्याकडे सणाला पेटीतलं सगळ्यांत चांगलं काढतात. त्यांच्या हिशेबात जे चांगलं ते सणाचं असूच शकत नाही.

म्हणून माझी अमेरिकन सरकारकडे, कारकुनाने करावी तशी, एक नम्र सूचना आहे. रेघ मारायचीच हौस असेल तर उलटी मारा. जो वेष दहा पोरांना पुरेल त्याला माफी द्या, आणि जो सकाळी कचऱ्यात जाईल त्याच्यावर ३२ टक्के लावा. तपासायचं कसं, असं विचाराल तर तुमची चार कसोट्यांची पुस्तिका तयारच आहे. ती चांगली आहे, काळजीपूर्वक लिहिली आहे. फक्त उत्तरपत्रिका उलटी तपासली जातेय, तेवढी दुरुस्त करा.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. पाऊण तास लागला. त्याने मध्ये दोनदा "हो मामा, हो" म्हटलं, त्यावरून तो दुसरं काहीतरी करत होता हे मी ओळखलं. शेवटी विचारलं, "मग घेतलास कुठला?"

"महागातला," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला देता येईल म्हणून. पण कमरेत घट्ट होतोय रे मामा. काय करू?"

मी म्हटलं, "विजार उलटी कर आणि कमरेची शिवण बघ. आत माया सोडलीय का?"

पलीकडे बराच वेळ खसफस ऐकू आली. मग तो म्हणाला, "आहे. बोटभर आहे."

"मग उसव," मी म्हटलं. "तिचे पैसे तू भरलेले आहेस."